पालथ्या घड्याचा कुंभक

"बाई, पाणी प्यायला जाऊ?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं, तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. त्यावरचं माझं उत्तर ठरलेलं होतं. "आत्ताच तर जाऊन आलास ना? बस खाली." हे उत्तर फळ्याकडे तोंड ठेवून, हातातला खडू न थांबवता द्यायचं असतं. कोण विचारतंय हे वळून बघायचं नसतं. बघितलं की चेहरा दिसतो, चेहरा दिसला की सोडावं लागतं, आणि एकाला सोडलं की साठ जणांचे घसे एकदम कोरडे पडतात. वर्गात तहान गोवरापेक्षा झपाट्याने पसरते.

शाळा भिवंडीतलीच, मराठी माध्यमाची. नाव सांगत नाही, कारण पुढे तिथल्या एका खोलीबद्दल बोलायचं आहे.

तर आता देवाघरचा न्याय बघा. रोज सकाळी साडेसहाला कामतघरला, वऱ्हाळादेवीच्या तलावापासून जवळच, एका सोसायटीच्या सभागृहात मी चटईवर मांडी घालून बसलेली असते आणि समोरून प्रश्न येतो, "बाई, पाणी प्यायलात?" विचारणारी माझीच विद्यार्थिनी. सातवी ब, हजेरीपटावर सतरावी. तिला चांगलं नाव आहे, पण माझ्या मनात ती अजून सतरा नंबरच आहे. भूमितीचा तास सुरू झाला की हिच्या घशाला हटकून कोरड पडायची. त्रिकोण काढून होईपर्यंत एकदा, सिद्धता येईपर्यंत दुसऱ्यांदा. आज ती योगशिक्षिका आहे, तिची पाठ पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे, आणि मी मागच्या रांगेत बसून खोटं बोलते, "हो, प्यायले की."

"किती?"

"बरंच."

"बाई, बरंच म्हणजे किती ग्लास?"

हा प्रश्न विचारण्याची ढब नेमकी कोणाची आहे, हे मला पहिल्याच दिवशी ओळखू आलं. माझीच.

योगवर्गाचं निमित्त एक खडा. पाच मिलिमीटरचा, उजव्या मूत्रपिंडातला. एवढ्याशा खड्याने एका रात्रीत माणसाचं सगळं तत्त्वज्ञान कसं बाहेर काढलं, ते सांगत बसत नाही. डॉक्टर म्हणाले, "दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे." मुलं गृहपाठाला मान डोलावतात तशी मी मान डोलावली. शेजारणींनी कुळथाचं कढण सांगितलं, पानफुटीची पानं कुंडीसकट आणून दिली, एकीने बार्ली दिली. ते सगळं मी निष्ठेने केलं. पाणी तेवढं राहिलं.

पुण्याच्या लेकीने एक बाटली पाठवली. तिच्यावर रेघा, आणि प्रत्येक रेघेपुढे वेळ. सकाळी सातच्या रेघेवर सुप्रभात, अकराच्या रेघेवर शाब्बास, दुपारी एकला अर्धा गड सर. प्लास्टिकच्या बाटलीकडून साठी उलटलेल्या बाईने शाब्बासकी का घ्यायची, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी माझा गड दुपारी एकला पायथ्याशीच असायचा. रात्री साडेनऊला ध्यानात यायचं की बाटली जशीच्या तशी भरलेली आहे. मग वही तपासायला द्यायच्या आदल्या रात्री सगळे धडे उतरवून काढणाऱ्या पोरांसारखं मी एका बैठकीत सगळं पाणी संपवायची. पुढची रात्र कशी जायची ते वेगळं सांगायला नको. पहाटे चारला तिसऱ्यांदा दिवा लागल्यावर हे पांघरुणातून म्हणायचे, "सुप्रभात."

ह्यांना वाचनाचा नाद. त्यातही आपल्याला सोयीचं ते वाचायचा. एक दिवस चहाचा कप हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं की दिवसाला आठ ग्लास पाण्याला काही शास्त्राधार नाही. 1945 साली अमेरिकेतल्या अन्न आणि पोषण मंडळाने लिहिलं होतं की माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं, आणि लगेच पुढे हेही लिहिलं होतं की त्यातलं बहुतेक आपण खातो त्या अन्नातूनच मिळतं. जगाने पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसरं ऑप्शनला टाकलं. पुढे 2002 मध्ये हाइन्झ वाल्टिन नावाच्या, मूत्रपिंडाचाच अभ्यास केलेल्या प्राध्यापकांनी सगळे कागद धुंडाळले, तर निरोगी माणसाने आठ ग्लास प्यायलाच हवेत असा पुरावा त्यांना कुठे सापडला नाही. "वरण, भात, ताक, कलिंगड, सगळं पाणीच आहे," हे म्हणाले. "हा चहासुद्धा."

अर्धा दिवस मी फार आनंदात होते. संध्याकाळी नीट वाचलं तेव्हा 'निरोगी माणसाने' हे शब्द दिसले. खडा बाळगणाऱ्यांना त्या प्राध्यापकांनी सूट दिलेली नव्हती. शिवाय वय वाढलं की तहानेची जाणीवच बोथट होते, अंगाला पाणी हवं असतं आणि डोक्याला त्याची वार्ता नसते, हेही त्याच सुमारास कळलं. मेंदूच्या तळाशी तहानेची एक चौकी असते. रक्त थोडं जरी दाट झालं, शेकडा एक-दोन इतकं, तरी तिथली घंटा वाजते. माझी घंटा मात्र वयाने बोथट झालेली नाही. ती मी चांगल्या तरुणपणी, स्वतःच्या हाताने कापड गुंडाळून बंद केली होती. तिची गोष्ट सांगते, पण त्याआधी भिवंडीच्या पाण्याबद्दल थोडं.

आमच्या शहरात पाणी 'असत' नाही, पाणी 'येतं'. काही उल्हास नदीवरून स्टेम कंपनीचं येतं, काही मुंबई महापालिकेकडून, थोडं आमच्या वऱ्हाळादेवी तलावातून. कोणत्या गल्लीत किती वाजता येईल हे त्या त्या गल्लीला माहीत असतं. पहाटे कोणीतरी जिन्यातून ओरडतं, "पाणी आलं!" आणि मग पिंप, हंडा, कळशी, तांब्या, शेवटी मीठ संपलेली बरणीसुद्धा नळाखाली जाते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पाणी भरते आहे. पाणी भरण्याचा माझा अनुभव दांडगा आहे, गाळण्याचा आहे, उकळण्याचा आहे, माठात वाळ्याची जुडी टाकून ते पाहुण्यांपुढे करण्याचा तर आहेच. उन्हातून आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग विचारपूस, ही आमच्या सासूबाईंची शिस्त. पण सगळ्यांना पाणी देऊन झाल्यावर रिकामं फुलपात्र उचलून आत नेणारी बाई वाटेत थांबून स्वतः दोन घोट घेते आहे, असं चित्र काही केल्या मला आठवत नाही.

वाड्याच्या रस्त्याने जाताना मुंबईला पाणी नेणारे प्रचंड नळ दिसतात. तानसा धरण 1892 सालचं. तेव्हापासून मुंबईचं पाणी आमच्याकडून जातं. आता तर भातसेचं पाणी पिसे इथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि पुढे धाडतात. ही दोन्ही गावं भिवंडी तालुक्यातलीच. मुंबई जे पिते त्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी असं आमच्या दारावरून जातं. लहान मुलं त्या नळांवर बसून पाय हलवत असतात. मला ते नळ फार जवळचे वाटतात. पोटातून एवढं पाणी जातं आणि बाहेरून अंग कोरडं ठणठणीत.

आता त्या खोलीबद्दल.

1990 मध्ये मी शाळेत रुजू झाले तेव्हा शिक्षिका अकरा होत्या आणि आमच्यासाठी स्वच्छतागृह एक होतं. त्याच्या दाराला कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. दार धरणारी भेटेलच असं नव्हतं, कारण ती वर्गावर असायची. आत नळ होता, नळाला पाणी नव्हतं. पुढे कडी बसली तर कुलूपही आलं, आणि किल्ली अशा ठिकाणी ठेवली गेली की ती मागायला चार पुरुषांसमोरून जावं लागे. मी पंधरा दिवसांत धडा शिकले. सकाळी चहा अर्धा कप. मधल्या सुट्टीत डब्याबरोबर पाणी नाही, फार तर चूळ. दुपारी घरी आल्यावर आधी मोरीकडे धाव आणि मग एक पेला. अकराच्या अकरा जणी हेच करत होत्या. याबद्दल आम्ही आपसात कधी बोललो नाही. गणिताच्या बाईंनी तेवढं एकदा म्हटलं होतं, "जे आत टाकायचं नाही ते बाहेर काढायचाही प्रश्न नाही." समीकरण बिनचूक होतं. तहानेने पहिली काही वर्षं हाक मारली, मग तिचाही आवाज बसला. खाली बस म्हटल्यावर सगळेच बसतात.

म्हणून सतरा नंबरने ज्या दिवशी मूलबंध शिकवला, त्या दिवशी आमच्या वर्गात जे झालं ते पतंजलींना अपेक्षित नसावं. ती अगदी हळू, गंभीर आवाजात सांगत होती, "ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आतल्या आत आवळा. वर ओढा. धरून ठेवा. ही क्रिया सूक्ष्म आहे, साधायला कित्येक महिने लागतात." सभागृहात आम्ही पंधरा बायका, बहुतेक पन्नाशीपुढच्या. एक निवृत्त परिचारिका, एक अंगणवाडीच्या सेविका, मंडईत चाळीस वर्षं भाजी विकलेल्या एक आजी, ठाण्याला रोज ये-जा करून नोकरी केलेल्या दोघी. क्षणभर शांतता. मग मंडईतल्या आजी डोळे मिटूनच म्हणाल्या, "पोरी, हे कसलं शिकवतंस? हे आमी जल्मभर केलंय. सोडायचं कसं ते शिकव." एकीला हसू फुटलं आणि सगळ्यांचाच बंध सुटला. हसता हसता परिचारिकाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाणी आलं ते बरंच झालं म्हणायचं.

हठयोगात या धरून ठेवण्याला मोठी प्रतिष्ठा आहे. श्वास आत घेणं तो पूरक, सोडणं तो रेचक आणि मधे धरून ठेवणं तो कुंभक. कुंभक म्हणजे कुंभासारखा, घड्यासारखा. आमच्या योगशास्त्रकारांनी श्वासासाठी शब्द शोधताना हवेची वस्तू शोधली नाही, पाणवठ्यावरची शोधली, याची मला गंमत वाटते. वारा भरायला भाता जवळचा होता, पण त्यांना घडाच दिसला. श्वासाने पोट भरून घेऊन कमळाच्या पानासारखं पाण्यावर तरंगायचं, अशा एका कुंभकाला तर प्लाविनी असंच नाव आहे. घेरंड संहितेने शरीरालाच घट म्हटलं आहे. हा घट कच्च्या मातीचा, पाण्यात ठेवला तर विरघळून जाणारा, म्हणून योगाच्या आगीत भाजून तो पक्का करून घ्यायचा. हे ऐकल्यावर मी सतरा नंबरला म्हटलं, "माझा घट भाजून झालाय गं. जरा जास्तच भाजलाय. आता पाणी घातलं तर तडकायचा."

ती म्हणाली, "तुमचा घडा पालथा आहे, बाई."

सातवी ब मध्ये तिला वाक्प्रचारांना दहापैकी चार पडले होते. हा तेवढा बरोबर आला.

त्याच घेरंड संहितेत जेवणाचं एक माप आहे आणि मला ते फार आवडतं. अर्धं पोट अन्नाने भरावं, पाण्याला त्याचा वाटा द्यावा आणि चौथा भाग वाऱ्याच्या ये-जा करण्यासाठी मोकळा ठेवावा. पोटात अशी तिघांची बिऱ्हाडं. मी पाण्याचा भाडेकरू कधीच काढून टाकला होता आणि त्याची खोली पोह्यांना दिली होती. वाग्भटाने तर आणखी बहार केली आहे. जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मधे पिणारा आहे तसा राहतो, नंतर पिणारा स्थूल होतो. हे कळल्यापासून ह्यांच्याकडे आणि पाणी ते कधी पितात त्याकडे मी लक्ष ठेवून आहे. वाग्भट सध्या तरी बरोबर ठरतो आहे.

पण योगग्रंथांत तहानेची बाजू घेणारं कोणी मिळेल या आशेने शोधायला गेलं, तर निराशाच. पतंजली विभूतिपादात सांगतात की कंठकूपावर संयम केला की भूक आणि तहान निघून जातात. कंठकूप म्हणजे गळ्यातली विहीर. बिचाऱ्या योग्यांना तहान घालवण्यासाठी केवढा खटाटोप! इथे माझ्या गळ्यातली विहीर 1990 पासून आटलेली, आणि त्यासाठी मला कसलाही संयम करावा लागला नाही. फक्त नोकरी करावी लागली. शीतली प्राणायाम शिकवताना सतरा नंबरने सांगितलं की जिभेची नळी करून गार हवा आत ओढायची. हठप्रदीपिकेत याचं फळ दिलं आहे, त्यात तहान शमणं आहे. "मग मला नको," मी म्हटलं. "आहे ती पण जायची." तसंही माझी जीभ नळीसारखी वळत नाही. काहींची जन्मतःच वळत नाही, असं ती म्हणाली. माझी बोलायला मात्र कुठेही वळते, असं पलीकडच्या चटईवरून कोणीतरी पुटपुटलं. मंडईतल्या आजीच असणार.

मग जलनेती. नाकाने कांदे सोलते अशी माझी शाळेत ख्याती होती. नाकाने पाणी मात्र कधी घेतलं नव्हतं. उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी, चोचीचा लोटा, मान तिरकी, तोंड उघडं. एका नाकपुडीतून ओतलेलं पाणी दुसरीतून बाहेर आलं तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला. घरी येऊन सांगितलं, तर ह्यांनी विचारलं, "म्हणजे आज एक लोटा झाला म्हणायचं?" मी म्हटलं, तो मोजत नाहीत. ते म्हणाले, "भिवंडीचं पाणीच ते. एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूने जातं."

नाकाबद्दल एक गोष्ट मात्र खरोखर नवी कळली. श्वास सोडताना आपण हवेबरोबर पाणीही सोडतो. चष्म्याच्या काचेवर हा करून बघितलं की दिसतं तेच. दिवसाकाठी असं तीनचारशे मिलिलीटर पाणी नुसतं वाफ होऊन उडून जातं. तोंडाने सोडला तर जास्त जातं, नाकाने सोडला तर कमी, कारण बाहेर पडणाऱ्या उबदार श्वासातली थोडी ओल नाकाचं गार अस्तर परत शोषून ठेवतं आणि पुढच्या कोरड्या श्वासाला देतं. नाकाचा हा कारभार बघून मला गहिवरून आलं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं जिन्याला, कपड्यांचं शेवटचं पाणी मोरीला, असा हिशोब करणारी एक भिवंडीकर बाई माझ्या तोंडावर एवढी वर्षं बसलेली होती आणि मला पत्ता नव्हता. मी मात्र एकतीस वर्षं दिवसाचे सहा-सहा तास तोंड उघडं ठेवून ओरडत होते. पाणी प्यायला जाऊ देत नव्हते आणि जे होतं ते 'शांत बसा' म्हणण्यात उडवत होते.

सकाळी आम्ही अनुलोम-विलोम करतो तेव्हा खिडकीतून मागांचा आवाज येत असतो. रातपाळी संपायची असते. भिवंडीत वाढलेल्या माणसाला तो आवाज ऐकू येत नाही, तो थांबला तरच ऐकू येतो. यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फेकला जातो, आणि आम्ही तेवढ्या वेळात डावीकडून उजवीकडे चार-पाच श्वास नेतो. कबीर विणकर होता. त्याला इडा-पिंगळेत ताणा आणि भरणी दिसली, यात नवल नाही. तो आमच्या शांतीनगरात राहिला असता तरी त्याला तेच दिसलं असतं, फक्त जरा मोठ्याने बोलावं लागलं असतं. आमच्या शेजारी पद्मनगरहून राहायला आलेले एक काका आहेत. त्यांची हयात मागांत गेली. माझ्या बाटलीचं प्रकरण ऐकून ते म्हणाले, "बाई, सुताला ओल लागते. हवा कोरडी पडली की सुती धागा सारखा तुटतो. मग कामगाराचा दिवस गाठी मारण्यात जातो. आम्ही खात्यात पाणी शिंपायचो."

"तुम्ही स्वतः किती प्यायचा काका?"

"आम्ही?" काका हसले. "माग सोडून कोण जाणार? चहा यायचा तेवढा."

गेल्या थंडीत योगवर्गाची सहल वज्रेश्वरी-गणेशपुरीला गेली. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला होता, 1739 मध्ये किल्ला मिळाल्यावर देवळाचं भाग्य उजळलं, हे मी बसमध्ये सांगितलं. सवय जात नाही. नित्यानंद बाबांची समाधी गणेशपुरीचीच, आणि तिथल्याच स्वामी मुक्तानंदांच्या आश्रमात देशोदेशीची माणसं ध्यान करायला आली. सारं जग शोधत ती आमच्या तालुक्यात पोहोचली आणि मी तालुक्यात असून साठीला पोहोचले. पण खरं सांगते, त्या सहलीत माझं लक्ष वेगळ्याच अध्यात्मात होतं. बस निघताना सतरा नंबरने प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली दिली. पंधराही जणींनी ती घेतली, धन्यवाद म्हणाल्या आणि पिशवीत सरळ उभी ठेवली. कोणी झाकण उघडलं नाही. अनगाव गेलं, अंबाडी गेली. प्रत्येकीच्या डोक्यात एक नकाशा असतो. त्यात देवळं नसतात, घाट नसतात. कुठल्या पेट्रोलपंपावर दार नीट लागतं, कुठल्या हॉटेलात न खाताही जाऊ देतात, एवढंच असतं. अकलोलीच्या गरम कुंडांत आम्ही गुडघ्यापर्यंत पाय बुडवून तासभर बसलो. पाण्याची वाफ चेहऱ्यावर येत होती. आजूबाजूला एवढं पाणी, आणि सगळ्यांच्या पिशव्यांत ते वेगळं, पण प्यायचं धाडस नाही.

सतरा नंबर शेजारी येऊन बसली. "बाई, एक विचारू? तुम्ही आम्हाला पाण्याला सोडायच्या नाहीत ते शिस्तीसाठी ना?"

मी हो म्हणणार होते. इतकी वर्षं मलाही तसंच वाटत होतं. पण तिच्यासमोर, पाय गरम पाण्यात असताना, का कोण जाणे, वर्गाची मागची बाजू डोळ्यांपुढे आली. ग्लास हातात घेऊन हनुवटीवरून पाणी ओघळत परत येणारी ती पोरं. गळपट्टा ओला, चेहरा तृप्त. खडू धरून मी त्यांच्याकडे बघत असे. मला त्यांचा राग येत असे. तो राग शिस्तीचा नव्हता.

"नाही गं," मी म्हटलं. "हेवा वाटायचा."

ती काही बोलली नाही. केरळातल्या काही शाळांमध्ये 2019 पासून पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा देतात, एवढं मात्र तिने नंतर बसमध्ये सगळ्यांना सांगितलं. आमच्या शाळेत तशी घंटा असती तर ती मलाच द्यावी लागली असती, आणि अर्थात मी ती वाजवायला विसरले असते.

तेव्हापासून तिने माझी बाटली बंद केली. सांगितलं, मोजू नका. प्राणायामानंतर स्वस्थ बसायचं, श्वास आपोआप येऊ-जाऊ द्यायचा आणि घशाकडे फक्त लक्ष ठेवायचं. कंठकूपच, पण पतंजलींच्या उलट हेतूने. मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी, बसून, घोट घोट, एका घोटामागे एक श्वास. पहिले आठ दिवस घशाकडून काही निरोप आला नाही. नवव्या की दहाव्या दिवशी डोळे मिटून बसलेली असताना आत कोणीतरी अगदी बारीक आवाजात काहीतरी विचारल्यासारखं झालं. आवाज ओळखीचा होता. मागच्या बाकावरचा. मी गडबडीने भांड्याकडे हात नेला, जणू पुन्हा विचारायची हिंमत होण्याआधी परवानगी देऊन टाकावी.

आता सकाळचे दोन पेले होतात. दुपारचे अजून रडतखडत. खडा पुढच्या तपासणीत चार मिलिमीटर निघाला. यंत्राने डुलकी घेतली असेल, असं हे म्हणतात.

परवा नाडीशोधन चाललं होतं. अंगठ्याने उजवी नाकपुडी, अनामिका आणि करंगळीने डावी. तर्जनी आणि मधलं बोट मिटलेलं. करंगळीला योगात एवढं मानाचं स्थान असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे शाळेत ती एकाच कामासाठी वर व्हायची. मग शवासन. आडवे पडलो आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखे थांबले, आणि पंख्यांमागोमाग सगळ्या मोहल्ल्यातले माग एकदम थांबले. भिवंडीत अशी शांतता फार क्वचित मिळते. पंधरा बायकांचे श्वास वेगवेगळे ऐकू येत होते. तलावाच्या बाजूला एक कावळा. सतरा नंबर खिडकीशी आमच्याकडे पाठ करून उभी होती आणि मंद आवाजात सांगत होती, पायाची बोटं सैल सोडा, पोटऱ्या सैल सोडा, ओटीपोट सैल सोडा.

सकाळचे दोन पेले, शिवाय वर्गात शिरताना आग्रहाने घेतलेला तिसरा. सैल सोडा म्हणते.

मी थोडा वेळ थांबले. जन्मभराचा मूलबंध आठवून बघितला. मग डोळे मिटूनच उजवा हात चटईवरून उचलला आणि करंगळी वर केली. कोणाला दिसणार, असं वाटलं. पण तिला पाठीलाही डोळे असावेत, माझ्याकडूनच घेतलेले.

"आत्ताच तर जाऊन आलात ना, बाई?" ती न वळता म्हणाली.